आईचा दुसरा बाप्तिस्मा

माझे बाबा वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कुणाला तसं वाटलं तर माझी हरकत नाही. मला स्वतःला ते कित्येक वर्षं वाटत होतं. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. बाबा सरळ होते, शब्दाचे पक्के होते, आणि म्हणूनच घरात त्यांच्यापुढं कुणाचं काही चालत नसे.

जालन्याहून मंठ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून, गावापासून जरा तुटून, आमची ख्रिस्ती वस्ती होती. थोडीशी घरं, एक अरुंद विहीर, पत्र्याचं प्रार्थनाघर आणि त्याच्याच ओट्यावर भरणारी शाळा. राज्य निजामाचं होतं. कचेरीत उर्दू चाले, आमच्या शाळेत मराठी, कारण मिशनच्या साहेबाला मराठी येत होतं आणि उर्दूचा त्यानं कंटाळा केला होता. बाबा शाळेचे मास्तर आणि रविवारी मंडळीचे वडील. 'वडील' हा आमच्यात हुद्दा असतो. प्रार्थना चालवायची, प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि प्याला फिरवायचा, वस्तीतली भांडणं मिटवायची, ही वडिलांची कामं. भांडणं लावायचं काम बाबांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

त्यांचं एक ठरलेलं विचारणं होतं. कुठलीही गोष्ट पुढं आली की चष्मा कपाळावर सरकवायचा आणि म्हणायचं, "पहिल्या मंडळीत हे व्हतं का?" पहिली मंडळी म्हणजे प्रेषितांच्या काळची, प्रभूच्या मागोमाग उभी राहिलेली माणसं. जे त्यांच्यात होतं ते आमच्यात पाहिजे, आणि जे नव्हतं ते बाहेर. या एका मापानं बाबांनी आधी लग्नातली हळद काढली, मग कबरींवरचे चुन्याचे क्रूस, मग नाताळातले कागदी कंदील. एका वर्षी साहेब आला तेव्हा प्रार्थनाघरात त्याची खुर्चीच नव्हती. पहिली मंडळी जमिनीवर बसत होती म्हणे. साहेब बिचारा पाटलोण सावरत सतरंजीवर बसला आणि उठताना त्याला दोघांनी हात दिला. आई एकदा वरण वाढताना म्हणाली, "पह्यल्या मंडळीत वरन व्हतं का, तेवढं शास्त्रात बघून सांगा. नसंल तर माझी एक चूल वाचंल." बाबा हसले. तेव्हा घरात हसणं होतं.

आणि त्यांच्या त्या मापानं एकदा फार मोठी गोष्ट झाली, तीही सांगितली पाहिजे. आमच्या वस्तीतली बहुतेक घरं आजोबांच्या पिढीत महारवाड्यातून आलेली, आणि चार-दोन मांगवाड्यातून. धर्म एक झाला, पाणी एक झालं नाही. प्रभुभोजनाला साहेब जालन्याहून बोटाएवढे काचेचे प्याले आणायचा, एकेकाला एकेक. त्याच्या मनात स्वच्छता होती. आमच्या लोकांनी त्यात सोय पाहिली. कुणाला कुणाचं उष्टं लागत नव्हतं. बाबांनी ते प्याले पेटीत घातले, घरचा पितळी पेला आणला, त्यात भिजवलेल्या मनुकांचं पाणी ओतलं आणि पहिल्यांदा मांगवाड्यातल्या एका म्हाताऱ्याच्या हातात दिला. म्हातारा प्यायला. त्याच्या ओठांचा पेला बाबांनी आपल्या ओठांना लावला आणि मग पुढं दिला. अर्धे लोक उठून बाहेर गेले. आई उठली नाही. तिनं पेला घेतला, प्यायली, मला दिला. मी लहान होते, पण त्या दिवशी मला बाबांचा जो अभिमान वाटला तसा पुन्हा कधी कुणाचा वाटला नाही. उठून गेलेले लोक वर्षभरात एकेक करून परत आले.

भाकरही त्यांनी बदलली. साहेबाचा पाव गेला, घरच्या ज्वारीची भाकर आली, आणि ती थापायचं काम आईकडं आलं. रविवारी पहाटे आंघोळ करून ती एक मोठी भाकर थापायची आणि धुतलेल्या फडक्यात गुंडाळून प्रार्थनाघरात ठेवायची. त्या भाकरीला करपल्याचा डाग पडलेला तिला खपत नसे.

मग एकदा बाबा बाजाराला जालन्याला गेले आणि तिथल्या मस्तगडात त्यांची एका फिरत्या उपदेशकाशी गाठ पडली. दोघं एका दुकानाच्या फळीवर बसून दुपारभर शास्त्रावरून भांडले. बाबा घरी आले ते मीठ-मिरची विसरून. त्यानंतर महिना-दोन महिने ते बाप्तिस्म्याचे उतारे वाचत राहिले. प्रेषितांच्या काळी माणसं नदीत उतरत, पाण्याखाली जाऊन वर येत. विश्वास ठेवायचा आणि मग पाण्यात जायचं, असा क्रम होता. आणि आमच्यात काय होतं? कडेवरच्या पोराच्या कपाळावर साहेब तीन बोटं पाण्याची शिंपडायचा आणि पोर भोकाड पसरायचं. वस्तीतल्या सगळ्यांचा बाप्तिस्मा तसाच झालेला. बाबांचाही, आईचाही, माझाही.

बाबा त्या उपदेशकाबरोबर पार गोदावरीला जाऊन आले. घरात पाऊल टाकलं ते नव्या माणसासारखं, तोंडावर तेज, बोलण्यात घाई. आई चुलीपुढं होती. ते उभ्याउभ्याच म्हणाले, "मी खरा बाप्तिस्मा घेऊन आलो. आपला आधीचा झालाच न्हाई बिलकुल. तुला बी घ्यावा लागंल."

आईनं भाकर उलटली. मग म्हणाली, "माझा झालाय."

"तो शिंपडा. त्याला बाप्तिस्मा म्हनत न्हाईत."

"माझ्या आईनं त्या शिंपड्यापायी म्हायेर सोडलं," आई म्हणाली. "मला कडेवर घेऊन साहेबापुढं उभी राह्यली, म्हून तिच्या भावानं तिला दारातून परत लावलं. तिची आई मेली तरी तिला तोंड बघू दिलं न्हाई. ते पानी खोटं व्हतं, असं मी तिला आता कुठल्या तोंडानं सांगू?"

"ती गेली. तिला कुठं सांगायचंय?"

"म्हून तर," आई म्हणाली, आणि भाकर तव्यावरून उतरवली.

शिंपडलेल्याला बाप्तिस्मा नाही, आणि बाप्तिस्मा नाही त्याला पहिल्या मंडळीत भोजनाच्या पंगतीत जागा नव्हती. बाबांनी नियम केला तो असा, आणि नियम घराच्या उंबऱ्यापाशी थांबवणारे ते नव्हते. साहेबानं त्यांना दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा कामावरून काढलं. शाळा गेली. बाबा दुसऱ्यांच्या रानात कामाला जाऊ लागले. निम्म्या वस्तीनं साहेबाला धरलं, निम्मी बाबांच्या मागं आली. प्रार्थनाघर साहेबाच्या लोकांकडं राहिलं, तेव्हा बाबांची मंडळी आमच्याच घराच्या ओसरीवर भरू लागली. पहिली मंडळी घरोघरीच भरत होती, त्यामुळं बाबांना ते उलट बरंच वाटलं.

पण बुडवायचं कुठं, हा प्रश्न होता. आमच्याकडची नदी दिवाळीनंतर वाळू होते. वस्तीची विहीर प्यायची. गावात चांगली पायऱ्यांची बारव होती, पण तिच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवायची आमची ताकद नव्हती. धर्म बदलून दोन पिढ्या झाल्या होत्या, गावाच्या लेखी आम्ही होतो तिथंच होतो. शेवटी बाबा गावाच्या पलीकडं मोसंबीची बाग असलेल्या एका मुसलमान चाचांकडं गेले. त्यांच्या बागेत मोटेचं पाणी साठवायचा मोठा दगडी हौद होता, छातीएवढा खोल. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पानी क्या पूछता जी, कौन उतरा बोलके? उतरो. बस मोसंब्यां को हात नक्को लगाओ." त्या हौदात वस्तीतली वीसेक माणसं एकेक करून बुडून वर आली. मीही गेले. मला विचारलं कुणी नव्हतं, पण खरं सांगायचं तर उन्हाळा होता आणि मला ते आवडलं.

आई गेली नाही. रविवारी पहाटे ती आंघोळ करून भाकर थापायची, फडक्यात गुंडाळून ओसरीवर ठेवायची, आणि लोक जमले की उठून अंगणात निंबाखाली जाऊन बसायची. आपल्याच घराच्या अंगणात. भाकर मोडताना तिला दिसायची. बाबा तुकडे करून एकेकाच्या हातावर ठेवत, पेला फिरे, आणि ती पदर डोक्यावर घेऊन गाणं म्हणायची, आमच्याबरोबर, तिथूनच. देवळाच्या पायरीखाली बसणं आमच्या पणज्यांच्या नशिबी होतं. ते सोडून आम्ही इथं आलो, आणि इथं बाबांनी तिला नवी पायरी काढून दिली. हे मी त्यांना तोंडावर बोलले. ते म्हणाले, "पायरी तिनं स्वतः धरली. वर यायला कुणी नको म्हनलं?" आईनं मलाच गप्प केलं. ती त्यांच्या बाजूनं भांडायची, हे मला सगळ्यात जास्त सलायचं.

असं दोन वर्षं चाललं. दुसऱ्या वर्षी तिचा खोकला सुरू झाला. आधी काढे झाले, मग जालन्याच्या दवाखान्यातली बाटली झाली. ती बारीक होत गेली. गाणं म्हणताना मध्येच दम लागून थांबायची आणि आम्ही दुसऱ्या कडव्यावर गेलो की पुन्हा धरायची. बाबा तिच्यासाठी रोज गुडघे टेकून प्रार्थना करायचे. तिच्या पायांना तेल चोळायचे, तिला भारा उचलू देत नसत. पण रविवारी ओसरीवर बसले की नजर अंगणाकडं जाऊ देत नसत.

पौषात एका दुपारी तिनं त्यांना हाक मारली. मी तांदूळ निवडत होते.

"अवो, ऐकलं का? मला बुडवा."

बाबा तिच्याकडं बघतच राहिले. "मनापासून?"

"मला तुमच्या पंगतीत बसायचंय," आई म्हणाली. "लई दिवस राह्यले न्हाईत, मला कळून राह्यलंय. एकदा तुमच्या हातची भाकर खाईन. मंग माझ्या आईला काय सांगायचं ते मी भेटल्यावर सांगीन तिला."

मी म्हणाले, थंडी सरू द्या. चैत्रात बघू. आईच म्हणाली, चैत्राचा काय भरवसा. आणि बाबांनी येणारा शनिवार धरला, कारण दुसऱ्या दिवशी रविवार होता.

चाचांची मोट उजाडल्यावर सुरू व्हायची, त्याआधी जायचं ठरलं. बागेत धुकं होतं. हौदातलं पाणी रात्रभर उघड्यावर साठलेलं. मी कोरडं लुगडं आणि गोधडी घेऊन काठावर उभी होते, वस्तीतल्या दोघी बाया होत्या, बाकी मंडळी जरा लांब. बाबा आधी उतरले. मग त्यांनी आईला दोन्ही हातांनी धरून आत घेतलं. पाणी कमरेला लागलं तसा तिच्या तोंडून आवाज निघाला, पण ती थांबली नाही.

"तू विश्वास ठेवतेस का?" बाबांनी विचारलं.

"ठेवते," आई म्हणाली. "पह्यल्यापासूनच ठेवते."

हे उत्तर नियमात बसत नव्हतं. पहिल्यापासून ठेवते म्हणजे तो शिंपडा खरा. बाबांना ते कळलं, ते घुटमळले. मग त्यांनी एक हात तिच्या पाठीखाली घातला, दुसऱ्या हातानं तिचं नाक धरलं आणि तिला पाण्याखाली नेलं. ती वर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. खोकला आला तो थांबेना. मंडळीनं गाणं सुरू केलं. मी तिला गोधडीत गुंडाळलं, आणि दात वाजत असतानाही ती बाबांना विचारत होती, "आता बसू ना?"

"बस," बाबा म्हणाले. "उद्या माझ्या पुढ्यात बस." ते रडत होते. आनंदानं रडत होते. माणूस इतका आनंदात मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.

संध्याकाळी तिला हुडहुडी भरली आणि रात्रीतून ताप चढला. रविवारी सकाळी भाकर मी थापली. ती अंथरुणातून सांगत होती, पीठ अजून मळ, कड जाड ठेवू नको. लोक जमले. तिला धरून ओसरीवर आणायचा मी प्रयत्न केला, पण बसतं केलं की तिचा श्वास कोंडायचा. मधल्या खोलीत ती पडून राहिली. ओसरी दारापलीकडंच होती. भाकर मोडली गेली, पेला फिरला. शेवटी फडक्यात एक तुकडा उरला. मी बाबांना हळूच म्हणाले, "हा आईला नेऊ का?"

त्यांनी मान हलवली. "भोजन मंडळीत बसून असतं, बाळ. तुकडा पुडीत बांधून घरात नेला की त्याचा परसाद झाला. मंग आपल्यात आन् देवळात काय फरक राह्यला?" ते रागावून बोलले नाहीत, समजावून बोलले. मग आत जाऊन आईच्या उशाशी बसले. "पुढच्या रविवारी तू येशीलच," म्हणाले.

"येते की," आई म्हणाली. "जागा धरून ठेवा."

साहेबाशी फाटलेलं असूनही बाबांनी बैलांची दमणी जुंपून मिशनच्याच दवाखान्यातून डॉक्टरला आणलं. डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि बाबांना बाहेर नेऊन फक्त एवढंच विचारलं, की या बाईला या दिवसांत पाण्यात कुणी घातलं. बाबा म्हणाले, मी. बुधवारी दुपारी आई गेली. गुरुवारी साहेबाच्या लोकांनीही खांदा दिला. कबरीपाशी बाबांनीच प्रार्थना केली, आवाज कापू न देता, आणि घरी येऊन दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी रविवार होता. ते उठले, मला म्हणाले, भाकर थाप. मी थापली. पण वर्षाच्या आत मी नर्सिंग शिकायला जालन्याच्या दवाखान्यात निघून गेले. त्या ओसरीवर मला बसवत नव्हतं.

दवाखान्यात आम्हा मुलींना आठवड्यातून एकदा दुपारी एक म्हातारे पाद्री मंडळीचा इतिहास सांगायला यायचे. जेवणानंतरची वेळ, रात्रपाळी केलेल्या मुली. निम्म्या बसल्याबसल्या पेंगायच्या. मीही त्यातलीच. पण एका दुपारी ते प्रेषितांच्या लगेच मागच्या काळातल्या रीती सांगू लागले आणि माझी झोप उडाली. बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात द्यावा, ते म्हणाले. वाहतं नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड सोसत नसेल तर गरम पाण्यात. आणि तेवढंही पाणी नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावं, पुरे. कोरड्या मुलखातली मंडळी होती ती, पाद्री म्हणाले, त्यांना पाण्याची अडचण ठाऊक होती. मग भोजनाविषयीही त्यांनी काही सांगितलं. वर्ग संपल्यावर मी त्यांना गाठून दोन्ही गोष्टी पुन्हा विचारून घेतल्या.

तेव्हा मोठं युद्ध चालू होतं, गाड्या वेळेवर नसायच्या, तरी रजा मिळाली तशी मी घरी गेले. मनात दया नव्हती. मला त्यांना दुखवायचं होतं, आणि तेही त्यांच्याच मापानं. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. बाबा थकले होते. त्यांची मंडळी ओसरली होती, ओसरीवर पाच-सहा माणसं उरली होती. मी त्यांचं जेवण होऊ दिलं, आणि मग म्हणाले, "बाबा, पह्यल्या मंडळीची एक रीत मला कळली."

त्यांचा चेहरा खुलला. चष्मा कपाळावर गेला. "सांग की."

मी सांगितलं. वाहतं पाणी, दुसरं पाणी, गरम पाणी, डोक्यावर तीनदा. ते भांडतील अशी माझी खात्री होती आणि मी पुरी तयारी करून आले होते. हे किती जुनं, कुणाच्या हातचं, कशावरून, सगळी उत्तरं पाठ होती. त्यांनी एकच विचारलं, "हे बराबर त्याच काळातलं हाय?"

"त्याच. प्रेषितांच्या मागोमागचं."

ताटात त्यांचा हात सुकत होता. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "गरम पानी चालत व्हतं?"

"व्हय," मी म्हणाले.

"गरम पानी," ते पुन्हा म्हणाले. "आपल्या चुलीवर तापवता आलं असतं."

मी दुसरी गोष्ट शेवटी सांगायची म्हणून राखून ठेवली होती. आजारपणामुळं जे भोजनाला येऊ शकत नसत, त्यांचा वाटा मंडळीचे सेवक त्यांच्या घरी, त्यांच्या अंथरुणापाशी नेऊन देत असत. मी बाबांच्या हातावर पाणी घातलं, ताट उचललं आणि आत गेले. त्यानंतर ते सहा-सात वर्षं जगले. ती गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.